रायटिंग सेंटर म्हणजे काय आणि तिथं जायचं कसं: बेळगाव भागातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून एमएस किंवा पीएचडीसाठी बाहेर गेलेली आणि इथंच राहून थीसिस लिहिणारी मुलं-मुली हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात. घरी मराठी, बसच्या पाटीवर कन्नड आणि थीसिस इंग्रजीत, अशी आपली सगळ्यांचीच गत. दरवेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

रायटिंग सेंटर म्हणजे नक्की काय? इंग्रजीचा क्लास का?

क्लास नव्हे. तिथं अभ्यासक्रम नाही, हजेरी नाही, मार्क नाहीत. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत लायब्ररीच्या एखाद्या मजल्यावर ही जागा असते. आधी ऑनलाइन वेळ घ्यायची, आपलं लिखाण घेऊन जायचं आणि अर्धा-पाऊण तास एका ट्यूटरसोबत बसायचं. ट्यूटर कधी सीनियर विद्यार्थी असतो, कधी लेखन शिकवणारा प्राध्यापक. वेगळे पैसे सहसा लागत नाहीत, ते फीमध्येच आलेले असतात. ही काही नवी टूम नाही. आयोवा विद्यापीठातली रायटिंग लॅब १९३४ पासूनची आहे.

माझं इंग्रजी कच्चं आहे असा शिक्का बसेल का?

नाही. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे ती मुलंही शेजारच्या टेबलावर बसलेली दिसतील. प्राध्यापकही आपले पेपर घेऊन येतात. तुम्ही गेलात हे तुमच्या सरांना सहसा तुमच्या संमतीशिवाय कळवत नाहीत. आपल्याकडे 'एक्स्ट्रा क्लास' म्हटलं की नापासांची रांग डोळ्यासमोर येते, त्यामुळे पहिलं सेमिस्टर मुलं तिकडं फिरकत नाहीत आणि नेमकं तेच सेमिस्टर सगळ्यांत जड जातं.

ते माझं लिखाण दुरुस्त करून देतात ना?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि सगळ्यांत जास्त निराशाही इथंच होते. इस्त्रीवाल्याकडे सकाळी कपडे टाकून संध्याकाळी न्यायला जावं, तसं तिथं चालत नाही. समोर बसावं लागतं आणि पेन तुमच्याच हातात राहतं.

मग होतं काय? समजा एक मुलगी निपाणीच्या तंबाखू आंदोलनावर प्रबंध लिहितेय. तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी १९८१ मध्ये पुणे-बेंगळूर महामार्ग अडवला होता, ते आंदोलन. तिचा पहिला परिच्छेद असा: भारत हा कृषिप्रधान देश आहे, शेतकरी हा देशाचा कणा आहे, कर्नाटकात अनेक पिकं घेतली जातात, तंबाखू हे त्यातलं एक महत्त्वाचं नगदी पीक आहे. इंग्रजी बऱ्यापैकी शुद्ध. ट्यूटर तिला तो मोठ्यानं वाचायला लावतो. मग विचारतो, "यातलं कुठलं वाक्य तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला लिहिता आलं नसतं?" ती गप्प. "बरं, हाच विषय का घेतलास?" आता ती बोलायला लागते. आजी तंबाखूच्या वखारीत कामाला होती. आंदोलनावर जे जे वाचलं त्यात शेतकरी आहेत, दर आहेत, पोलीस आहेत. पण महामार्ग बंद होता तेव्हा वखारीतल्या बायकांच्या रोजगाराचं काय झालं, ते तिनं वाचलेल्या एकाही लेखात सापडलं नाही. ट्यूटर म्हणतो, "हे आत्ता जे बोललीस ते कागदावर कुठं आहे?" ते असतं सतराव्या पानावर, एका तळटीपेत.

अर्धा तास यातच जातो. तळटीप पहिल्या पानावर येते आणि कृषिप्रधान देश बाहेर पडतो. उरलेल्या वेळात ट्यूटर एका परिच्छेदातल्या दोन ठिकाणी फक्त गोल करतो: इथं 'द' हवा होता, का ते सांग, आता पुढच्या पानावरच्या अशा जागा तू शोध. कागद लाल करून हातात दिला असता तर पुढच्या प्रकरणात त्याच चुका परत आल्या असत्या. हा मार्ग हळू आहे आणि डेडलाइन उद्यावर असेल तर चिडचिडही होते. तरी पीएचडी करणाऱ्याला दुसरा मार्ग परवडत नाही, कारण अजून चार-पाच प्रकरणं तिलाच लिहायची आहेत.

मराठी माध्यमातून आलेल्यांचं इंग्रजी नेमकं कुठं अडखळतं?

स्पेलिंगमध्ये नाही, ते कॉम्प्युटर बघतो. अडतं ते जिथं मराठीची वाक्यरचना खालून डोकं वर काढते तिथं.

'अ' आणि 'द' या आर्टिकलना मराठीत जागाच नाही, कन्नडमध्येही नाही. त्यामुळे 'गव्हर्नमेंट स्टार्टेड स्कीम' आपल्या कानाला खटकत नाही. ढोबळ नियम एवढाच: वाचकाला पहिल्यांदा सांगताय तर 'अ', दोघांनाही कुठली ते ठाऊक झालंय तर 'द'. याला अपवाद भरपूर आहेत आणि ही चूक शेवटपर्यंत थोडीफार राहते. त्यापायी झोप घालवू नका, चांगला परीक्षकही घालवत नाही.

जरी-तरी ही दुसरी जागा. मराठीत 'जरी' आला की 'तरी' यावाच लागतो. म्हणून 'ऑल्दो' लिहिलं की हात आपोआप पुढं 'बट' लिहून मोकळा होतो. इंग्रजीत दोघांपैकी एकच. तसंच आपला 'च' इंग्रजीत 'ओन्ली' होऊन वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो.

पण खरा घोटाळा होतो तो मुलाखतींमध्ये, आणि समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, सोशल वर्क, नर्सिंगवाल्यांनी हे नीट वाचावं. मराठीत आपण सहज म्हणतो, 'मुख्याध्यापिका म्हणाल्या की आम्ही शाळा बंद पडू देणार नाही.' हे जसंच्या तसं 'शी सेड दॅट वी विल नॉट लेट द स्कूल क्लोज' असं उतरलं, तर इंग्रजी वाचक त्या 'वी'मध्ये संशोधकालाही धरतो. म्हणजे तुम्ही शाळेच्या बाजूनं उभं राहून थीसिस लिहिताय असा अर्थ निघतो. मुलाखत कुणाची, मत कुणाचं आणि तुमचं विश्लेषण कुठून सुरू झालं, या सीमा आखलेल्या दिसल्या पाहिजेत. एक तर शब्दशः अवतरण द्या, नाही तर 'वी'चा 'दे' करा आणि काळ बदला. यलूरच्या शाळेतल्या मुलाखती असोत की बेळगावच्या हॉस्पिटलमधल्या, ट्यूटर हे पटकन पकडतो, कारण त्याला तिथलं काहीच माहीत नसतं.

तो अडाणीपणाच कामाचा आहे. 'गुंठा' त्याला कळत नाही, म्हणून ४० गुंठे म्हणजे एक एकर हे लिहावं लागतं. लाखाचं त्याला दहा लाख म्हणजे एक मिलियन असं करून द्यावं लागतं. 'सीमाभाग' म्हटल्यावर त्याला पाकिस्तानची सीमा वाटते! १९५६ ची राज्य पुनर्रचना दोन ओळींत सांगितल्याशिवाय आपला अर्धा संदर्भ त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

गाईड असताना हे कशाला? सरांना राग येईल का?

गाईड विषय बघतो: मुद्दा बरोबर आहे का, पद्धत चालेल का, अमुक लेखक वाचला का. पन्नास पानं वाक्यावाक्यानं वाचायला त्याला वेळ नसतो. आपल्याकडे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमानुसार एका प्रोफेसरकडे एका वेळी ८ पीएचडी विद्यार्थी असू शकतात, असोसिएटकडे ६, असिस्टंटकडे ४. वर कॉलेजचे तास, पेपर तपासणी, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली. रायटिंग सेंटरमधून विस्कटलेलं प्रकरण सरळ करून नेलंत तर गाईड विषयावर बोलेल, नाही तर पूर्णविरामांवरच मीटिंग संपेल.

राग येऊ नये म्हणून आधी सांगून जावं. 'सर, प्रकरण तुम्हाला देण्याआधी भाषेसाठी एकदा दाखवून घेऊ का?' असं विचारल्यावर नाही म्हणणारा गाईड विरळाच. फक्त ट्यूटरनं सुचवलेलं आणि गाईडनं सांगितलेलं एकमेकांविरुद्ध गेलं, तर विषयाच्या बाबतीत गाईडचंच ऐकायचं.

थीसिसमध्ये कुठल्या टप्प्यावर जावं? अख्खा थीसिस वाचतात का?

अख्खा नाही वाचत. एका बैठकीत पाच ते दहा पानं झाली तरी पुष्कळ. म्हणून सबमिशनच्या आठवड्यात दोनशे पानांचा गठ्ठा घेऊन जाण्यात अर्थ नाही. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहिताना जा. पूर्वसंशोधनाच्या आढाव्याला तर नक्की जा, कारण आपल्याकडे त्याची यादी करायची सवय आहे: देशपांडे यांनी असं म्हटलं, पाटील यांनी तसं म्हटलं, हिरेमठ यांनी अमुक अभ्यास केला. आडनावं बदलली तरी वाक्य तेच. ट्यूटर विचारतो, "हे तिघं एका खोलीत बसले तर कशावरून भांडतील?" तेवढ्या एका प्रश्नावर प्रकरण नव्यानं मांडता येतं.

पोस्टग्रॅज्युएट विद्यार्थ्यांसाठी बऱ्याच ठिकाणी लेखनगटही असतात. आठवड्यातून एकदा जमायचं, आज काय लिहिणार ते सांगायचं, दोन तास गुपचूप लिहायचं, उठायचं. ऐकायला फालतू वाटतं. पण यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं दिलीत. त्यातली शेवटची दोन कशी जातात ते नोकरी करून लिहिणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला विचारा.

प्लॅजियरिझम (दुसऱ्याचं लिखाण उचलणं) दहा टक्क्यांपर्यंत चालतं म्हणतात, खरं का?

अर्धं खरं. यूजीसीचे २०१८ चे नियम असे: दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के निघालं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष सुधारित प्रत देता येत नाही. ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. अवतरणचिन्हांत संदर्भासह दिलेला मजकूर, संदर्भसूची, कायद्यांची नावं, प्रमाण सूत्रं हे मोजायचं नसतं.

पण टक्का मशीन काढतं, आणि मशीनला मराठी पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर सहसा पकडता येत नाही. म्हणून आपल्याकडची मुलं मराठी किंवा कन्नड पुस्तकातली पानंच्या पानं इंग्रजीत उतरवतात आणि रिपोर्ट शून्य आला म्हणून खूश होतात. ही चोरीच आहे. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) परीक्षक म्हणून बसलेला माणूस धारवाडचा किंवा कोल्हापूरचा निघाला तर त्यानं ते मूळ पुस्तक वाचलेलं असतं. दुसरी खोड म्हणजे मूळ वाक्य समोर ठेवून एकेक शब्द बदलत जाणं. पुस्तक मिटा, मुद्दा मराठीत कुणाला तरी सांगा, मग इंग्रजीत लिहा आणि संदर्भ द्या. रायटिंग सेंटरमध्ये नेमकं हेच करून घेतात. परदेशात यावर शिस्तभंगाची कारवाई होते, तेव्हा शंका असेल तर सबमिट करण्याआधी विचारा.

संदर्भात बेळगाव कसं लिहायचं? मराठी पुस्तकांची नावं कशी द्यायची?

शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं. पण संदर्भसूचीत पुस्तकावर जे छापलंय तेच द्यायचं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८४ चा एकविसावा खंड 'बेलगाम' या नावानं निघाला, तर तो तसाच राहणार. तुमच्या स्वतःच्या मजकुरात एकच रूप ठरवा आणि पहिल्या उल्लेखाला एक तळटीप टाका. आपल्याकडे पाटीवरच्या नावापायी बसगाड्यांना काळं फासलं जातं. तो वाद थीसिसमध्ये न्यायचा असेल तर विषय म्हणून न्या, स्पेलिंगमध्ये नको.

मराठी-कन्नड पुस्तकांचं नाव रोमन लिपीत लिहायचं आणि पुढं चौकोनी कंसात इंग्रजी अर्थ द्यायचा, ही एपीए या संदर्भशैलीची पद्धत. लेखकाचं आडनाव एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी वेगळं स्पेलिंग असं होऊ देऊ नका. हे सगळं हातानं करत बसण्यापेक्षा संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे फुकट सॉफ्टवेअर कोर्सवर्क चालू असतानाच शिकून घ्या. इंजिनिअरिंगवाल्यांना बहुतेक आयट्रिपलई शैली लागते, तिथं नावाऐवजी चौकोनी कंसात आकडे येतात.

एसओपीला (प्रवेशअर्जासोबतच्या निवेदनाला) मदत मिळते का?

प्रवेश झाल्यावर मिळते, स्कॉलरशिपच्या अर्जांनाही मिळते. प्रवेशाआधी तुम्ही त्या विद्यापीठाचे नसता, तेव्हा ती दारं बहुधा बंद. विकतची एसओपी घेऊ नका. एकाच दुकानातून निघालेली लहानपणापासूनची कॉम्प्युटरची आवड वाचून निवड समितीही कंटाळलेली असते. सीमाभागातलं जगणं सांगायचं तर सांगा, पण रडगाणं नको. मराठी शाळेत शिकलो, कन्नडमध्ये ग्रामपंचायतीच्या नोंदी वाचून डेटा गोळा केला, इंग्रजीत पेपर लिहिला, एवढं एक वाक्य पानभर संघर्षापेक्षा भारी पडतं.

आयईएलटीएसची (परदेशी प्रवेशासाठीच्या इंग्रजी परीक्षेची) तयारी करून घेतात का?

नाही. त्याचा क्लास वेगळा. त्या परीक्षेत ६० मिनिटांत १५० आणि २५० शब्दांचे दोन तुकडे लिहायचे असतात; थीसिसचं काम अगदी निराळं.

चॅटजीपीटी असताना माणसाकडे कशाला जायचं?

आधी तुमच्या विद्यापीठाचा आणि त्या विषयाच्या प्राध्यापकाचा नियम वाचा. कुठं पूर्ण बंदी आहे, कुठं वापरलं तर नमूद करा म्हणतात. व्याकरण बघायला ते चांगलं आहे. पण अस्तित्वात नसलेले संदर्भ ते बेधडक रचून देतं आणि प्रत्येकाचं इंग्रजी एकाच छापाचं करून ठेवतं. वखारीतल्या आजीबद्दल तुम्ही आपणहून सांगितलं नाहीत, तर ते पुन्हा कृषिप्रधान देशापासूनच सुरुवात करणार.

ट्यूटरशी बोलायचीच भीती वाटते. काय करू?

पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटते. काय अडलंय ते आधी मराठीत चार ओळी लिहून काढा, मग त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी करा आणि कागद बघून वाचा. कुणी हसत नाही. वाटल्यास ऑनलाइन वेळ घ्या, बऱ्याच ठिकाणी ती सोय असते. सुट्टीत घरी आला असाल तर घड्याळ सांभाळा: न्यूयॉर्कपेक्षा आपण उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढं, म्हणजे त्यांची दुपार ती आपली मध्यरात्र.

मी बेळगावातच पीएचडी करतोय. मला काय उपयोग?

बराच. राणी चन्नम्मा विद्यापीठ असो, व्हीटीयू असो की मेडिकल, पाटीवर 'रायटिंग सेंटर' लिहिलेली खोली शोधत बसू नका. तिघं-चौघं जमा. विषय एकच असायला हवा असं नाही, उलट नसलेलाच बरा. एखादी गोकाकची कन्नड मैत्रीण, एखादा कॅम्पातला उर्दूवाला असला तर आणखी चांगलं, कारण मग मराठीत सांगून वेळ मारून नेता येत नाही. शनिवारी दुपारी वाचनालयात बसा. एकानं आपली चार पानं मोठ्यानं वाचायची, बाकीच्यांनी फक्त दोन गोष्टी सांगायच्या: तू काय म्हणतोयस असं मला वाटलं, आणि कुठं हरवलो. 'छान आहे' म्हणायला बंदी. व्याकरण सगळ्यांत शेवटी. चहा ज्याचं लिखाण त्याच्याकडून.

फुकटची साधनंही आहेत. पर्ड्यू विद्यापीठाची ऑनलाइन रायटिंग लॅब १९९४ पासून चालू आहे; एपीए, एमएलएचे नियम तिथं उदाहरणांसह मिळतात. मँचेस्टर विद्यापीठाच्या अकॅडमिक फ्रेजबँकमध्ये 'मागच्या अभ्यासात ही उणीव आहे' हे इंग्रजीत किती तऱ्हेनं म्हणता येतं ते सापडतं. शोधगंगा या भारतीय थीसिसच्या ऑनलाइन संग्रहावर आपल्या विषयातले जुने थीसिस बघा, पण नमुना म्हणून डोळे मिटून घेऊ नका; त्यातही कृषिप्रधान देश भरपूर आहेत.

किती वेळा जाता येतं?

बहुतेक ठिकाणी आठवड्याला एक-दोन वेळा, अशी मर्यादा असते. सेमिस्टरच्या शेवटी वेळ मिळत नाही, आधी बुक करून ठेवा. जमला तर तोच ट्यूटर दरवेळी घ्या.

पहिल्या भेटीला काय न्यायचं?

प्राध्यापकांनी दिलेली असाइनमेंटची सूचना, ओळींत अंतर सोडून काढलेली प्रिंट, डेडलाइनची तारीख, आणि सरांचे शेरे असतील तर तेही. शिवाय 'हे बघून द्या' याऐवजी एक नेमका प्रश्न, उदाहरणार्थ 'माझा मुद्दा तिसऱ्या पानाआधी कळतो का?' लिखाण अर्धवट असलं तरी चालतं. काहीच लिहिलं नसेल तर कोरा कागद घेऊन जा आणि विषय तोंडी सांगा. तुम्ही बोलाल ते लिहून घेणारे ट्यूटरही असतात.